आत्याची विभूती आणि कुठला तरी डोंगर

आमच्या गल्लीतल्या धडधाकट पुरुषांच्या कपाळाला मी एकदा ज्वालामुखीची राख लावायला लावली, आणि ती गाईच्या शेणाची आहे असं छातीठोकपणे सांगितलं. बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. तेव्हा मी सोलापुरात एका शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवत होतो. म्हणजे ही चूक करायला जे दोन विषय लागतात ते दोन्ही माझ्याकडेच होते.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी आत्या. आई-वडील मागेच गेले होते आणि माझं लग्न व्हायचं होतं. आत्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर मंगळवेढ्याचं. नवरा तरुणपणीच गेला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. देवाशी ती कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि रागावली की दोन्ही भाषा एकदम बाहेर पडायच्या. माझ्याशी बोलताना बहुतेक वेळा दोन्ही बाहेर पडत.

आत्या विभूती करायची. बाजारात मिळते ती खडूची वडी तिच्या लेखी विभूतीच नव्हे. शेण देशी गाईचं, आणि तेही जमिनीला टेकायच्या आत टोपलीत झेललेलं. त्याच्या गोवऱ्या उन्हात वाळवायच्या, जाळायच्या, राख पाण्यात कालवून धोतराच्या फडक्यातून गाळायची, वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा गाळायची. असं करत करत काळपट राख पांढरी होत जाते. मग ती मळून तिच्या चौकोनी वड्या थापायच्या आणि सावलीत सुकवायच्या. ओलं बोट त्या वडीवर फिरवलं की बोटाला सायीसारखी विभूती यायची.

ती ही विभूती विकत नसे. घराघरांत पूजेला द्यायची, आणि कुणी गेलं तर, आमच्यात पुरतात, मातीत ठेवताना सोबत द्यायला लागते तीही तिच्याकडूनच जायची. पण तिचा खरा मान जानेवारीत. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या, जत्रेआधी आमच्या गल्लीतली माणसं संध्याकाळी काठी पेलायचा सराव करत. जत्रेत मिरवायची उंचच्या उंच जड काठी, कमरेच्या पट्ट्यात रोवून एकट्याने तोलायची आणि चालायचं. बाकीच्यांनी चहूबाजूंनी सावध राहायचं. सरावाच्या पहिल्या दिवशी आणि जत्रेच्या पहिल्या दिवशी ही सगळी मंडळी आधी आमच्या उंबऱ्याशी येत. आत्या उंबऱ्यात उभी राहून एकेकाच्या कपाळावर तीन बोटं ओढायची. एरवी तिला कोण विचारत होतं? लग्नकार्यात ती मागच्या दाराशी, बोलण्यात ती कुणाच्या तरी वाक्याच्या शेवटी. पण ते दोन दिवस मिलमधले आडदांड गडी तिच्यापुढे मान वाकवून उभे असायचे, आणि ती त्यांना सांगायची, "नीट वाक की. मी काय शिडी आनू?"

त्या वर्षी विभूतीच नव्हती. दुष्काळाच्या उन्हाळ्यात गल्लीतली बरीच म्हातारी माणसं गेली आणि साठवणीतल्या वड्या त्यांच्याबरोबर मातीत गेल्या. नवी करायला शेण नव्हतं. दारातली आमची गाय चाऱ्याअभावी गावाला धाडली होती आणि गावची जनावरं मंगळवेढ्याच्या रस्त्यावरच्या छावणीत होती. समोरच्या घरातल्या सूतव्यापाऱ्याच्या बायकोने, त्यांना सगळे काकू म्हणत, आत्याला गोडव्याने सांगून टाकलं, "तुम्ही नका हो ओढाताण करून घेऊ. यंदा आम्ही आणतो बाजारातून. चांदीचं तबक आहेच आमच्याकडे."

त्या तबकामुळे आत्या दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. जणू काही दुष्काळ मीच पाडला होता.

अशा वेळी मी गावी गेलो. आमचं गाव सीनेच्या काठाला. नदीत पाणी नव्हतंच, नुसती वाळू. माझा चुलतभाऊ दरडीजवळची विहीर खोल करत होता. विहिरीच्या कडेकडेने मी खाली उतरलो आणि मध्येच थांबलो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट गाळ, आणि त्या गाळाच्या पोटात हातभर जाडीचा पांढराशुभ्र पट्टा. फळ्यावर खडूची कांडी आडवी धरून ओढावी तसा.

"हे काय रे?"

"पांढरी माती," भाऊ म्हणाला. "बायका भांडी घासायला नेत्यात. लई चकाकत्यात. म्हातारी मान्सं म्हनत्यात, हितं कुना ऋषीनं होम केल्ता."

मी हसलो. कमी शिकलेल्या माणसाकडे बघून जास्त शिकलेला माणूस जसा हसतो तसा. हे हसू तेव्हा मला फारच छान जमायचं.

त्याचं कारण असं, की आदल्याच वर्षी शिक्षकांच्या सहलीत मी कर्नाटकात राखेची टेकाडं पाहून आलो होतो. फार फार जुन्या काळी तिथले गुराखी गुरांच्या वाड्यात साठलेलं शेण पेटवत, त्याची ती टेकाडं झाली, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. ही एवढी एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती सांगायला मी वर्षभर जागा शोधत होतो.

"ऋषी नव्हे," मी विहिरीत उभं राहून जाहीर केलं. "गुराखी. ही शेणाची राख आहे. हजारो वर्षांची."

भावाने पट्ट्यात बोट घातलं. "शेनाची? मग एखादी अर्धी गवरी तर दिसंल की."

"जळली."

"कोळसा?"

"तोही जळला."

"हाडंबिडं? गुरं मरत असतील की वाड्यात."

"अरे, इतक्या वर्षांत हाडं राहतात होय?"

"मग ऱ्हायलं काय?"

"राख!" मी विजयाने म्हणालो. माझ्या तर्काला जे जे आडवं येत होतं ते सगळं मी जाळून टाकलं होतं.

पोतंभर राख घेऊन मी एसटीत चढलो. पोतं सीटखाली सरकवताना कंडक्टरने हटकलं. त्या दिवसांत पांढरं काहीही पोत्यातून चाललेलं दिसलं की लोकांना काळाबाजारच दिसायचा.

"काय हाय? मैदा?"

"राख आहे."

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "कुनाची हो?"

"फार जुनी आहे," मी म्हणालो. खरं तेवढंच एक बोललो.

त्याने टोपी काढली, मला खिडकीजवळ बसवलं आणि सोलापूर येईपर्यंत पोत्याला कुणाचा पाय लागू दिला नाही.

आत्यापुढे मी पोतं उघडलं आणि पाठ घेतला. पुरातन गाई, पुरातन शेण, हजारो वर्षं मातीने सांभाळलेली आयती विभूती. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. तिला माझा पाठ पटला असं नाही. तिला पटवून घ्यायचं होतं, हे आज कळतं. तिने चिमूटभर राख बोटांत चोळली आणि कपाळाला आठी घातली.

"कचकच करतीया."

"जुनी आहे ना. जुन्या वस्तू कचकच करतातच."

"मी बी जुनी हाय. मी करते का?"

यावर मी पाणी आणायला उठलो. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणाच्या क्षणांपैकी तो एक.

राख गाळायची गरजच नव्हती, ती आधीच पांढरी होती. पण वड्या काही बसेनात. सुकल्या की भुगा व्हायच्या. मग युक्ती मीच काढली, बाभळीचा डिंक घालायची. आत्याने डिंकाची वाटी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "ह्ये बघ. आजवर खोटी वडी मी कुनाच्या कपाळाला लावली न्हाय. गाईच्या शेनाचीच हाय न्हवं? नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

मी स्वतः त्या काळी विभूती लावत नसे. नव्या विचारांचा होतो. त्यामुळे जी वस्तू मी सगळ्या गल्लीच्या कपाळाला लावायला निघालो होतो ती माझ्या कपाळाला लावून बघायचं मला सुचलंच नाही.

सरावाचा पहिला दिवस आला. मिल सुटल्यावर मंडळी जमली. सगळ्यांत पुढे जॉबरमामा. हे मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि गल्लीत काठी पेलायचा पहिला मान त्यांचा. मान वाकवायची वेळ आली की मात्र लहान मुलासारखे डोळे मिटून घेत. आत्याने विभूती ओढली. डिंकामुळे ती अशी ठसठशीत उठली, की सगळे वाहवा करू लागले. समोरच्या गॅलरीत काकू तबक न घेता उभ्या होत्या. आत्याने एकदा तिकडे बघून घेतलं.

जॉबरमामांनी पट्टा आवळला, काठी कमरेत घेतली आणि चालायला लागले. थंडीचे दिवस होते, तरी त्या वजनाखाली माणूस घामाने निथळतो. घाम कपाळावरून खाली आला आणि डिंकाबरोबर राखही खाली आली. त्यांनी डोळे मिचकावले. पुन्हा मिचकावले. मग दंडाने कपाळ पुसलं, आणि ओरडले.

"डोळं! आरं माजं डोळं!"

काठी डोलायला लागली. वरचं टोक कौलांवरून, तारांवरून असं लवलवत गेलं. पोरीबाळी घरात पळाल्या. चौघा-पाचजणांनी धावत जाऊन काठी धरली आणि कशीबशी लिंबाच्या झाडाला टेकवली. जॉबरमामा खाली बसले होते, दोन्ही तळहात डोळ्यांवर. बाकीच्यांनी आपापली कपाळं पुसायला घेतली आणि ज्याने पुसलं तोच हाय-हुय करायला लागला. पांढऱ्या बोटांच्या जागी तीन-तीन लाल रेघा. कुणीतरी बारीक पॉलिशपेपर फिरवावा तशा.

डॉक्टरांनी पाणी मारून मारून डोळे धुतले. डोळे वाचले. त्या एका गोष्टीवर मी आजवर विनोद केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी आमच्या ओट्यावर आली. जॉबरमामांच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी होती. ते आत्याकडे तोंड करून, थोडं चुकीच्या दिशेला, म्हणाले, "अक्का, तुमचा मान आमी मोडत न्हाय. पन जत्रंच्या दिवशी काठी पडली तर खाली मान्सं असत्यात. तुमी खरी विभूती दिली तर आमी येनार. न्हायतर मग समोरून घेऊ. राग मानू नका."

आत्या म्हणाली, "राग कशाचा. बरोबर हाय तुमचं." आणि आत गेली. मी मागोमाग गेलो तर तिने स्वयंपाकघराचं दार माझ्या नाकासमोर लावून घेतलं. आतून कानडीतलं एकच वाक्य आलं, ते मला पुरेसं कळलं. मी वेडा आहे असा त्याचा मथितार्थ होता.

खरं तर तेव्हाच मी सायकलवर बसून छावणीकडे जायला हवं होतं. पण शिकलेला माणूस चूक झाली की आधी ती चूक नव्हती याचा पुरावा शोधायला जातो. मी एक वडी कागदात गुंडाळून एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे घेऊन गेलो. ते करकंबचे, उसाच्या मुलखातले. मी म्हटलं, "सर, ही शुद्ध शेणाची राख आहे एवढं सांगा. दोष डिंकाचा असणार."

त्यांनी वडीचा कण पाण्यात कालवून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काच जराशी सरकवून पुन्हा पाहिलं. मग खुर्ची सरकवली. "बघा."

मी बघितलं. राख म्हणजे मला वाटत होतं गोल, मऊ, भुरभुरीत काहीतरी दिसेल. तिथे काचा होत्या. पारदर्शक, वाकड्या, धारदार काचा. बांगड्या फुटल्यावर तुकडे पडावेत तशा काही चंद्रकोरीसारख्या. काही इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या.

"कुणाच्या डोळ्यांत घातलीत ही?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि मग, शिक्षकाची जात जात नाही तशी, समजावायला लागले.

"गुऱ्हाळात काहील उकळताना बघितलीय? रस पातळ असतो तेव्हा बुडबुडे येतात, फुटतात, काही होत नाही. पाक घट्ट झाला की मात्र एक-एक बुडबुडा असा फट्कन उडतो, की हात भाजतो. दगडाचंही तसंच. आपला सगळा काळा दगड पातळ रस होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिला आणि थरावर थर निजला. त्याने अशी राख केली नाही. ही घट्ट पाकाची राख. वितळलेला दगड फेसाळला, फुटला, आणि फेसाच्या बुडबुड्यांच्या भिंती या अशा काचा होऊन आकाशात गेल्या. हा जो कमानीसारखा तुकडा दिसतोय ना, तो एका बुडबुड्याचा गाल आहे."

"पण इथे असा डोंगर कुठे आहे?"

"इथे नाहीच. आणि नदीच्या गाळात सापडली म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या मानाने ही कालपरवाची. वाऱ्याने आणली असणार. कुठून, मला सांगता येणार नाही. जिथून आली तिथे डोंगर उरलाही नसेल. पोटातलं सगळं बाहेर फेकलं गेलं की डोंगराचं छप्पर आत कोसळतं. मागे राहतो नुसता खड्डा. त्यात पाणी साचलं की माणसं त्याला तलाव म्हणतात आणि काठावर बसून शेंगा खातात."

पुढे कितीतरी वर्षांनी, केस गेल्यावर, माझ्या वाचनात आलं, की आपल्या देशातल्या नद्यांच्या गाळात ठिकठिकाणी अशी राख सापडली आहे आणि ती सुमात्रा बेटावरच्या एका अजस्र स्फोटातली आहे. सुमारे पाऊण लाख वर्षांपूर्वीचा तो स्फोट. डोंगराच्या जागी आता तिथे एक मोठं सरोवर आहे, मधोमध बेट असलेलं. राख समुद्र ओलांडून आली आणि इथल्या माळांवर, पाणवठ्यांवर पडली. मग पावसाने ती धुऊन ओढ्यानाल्यांच्या खळग्यांत साठवली. बाकीची गेली कुठे? मातीतच. आपण नांगरतो त्या मातीत. आमच्या विहिरीतला पट्टा त्यातलाच का, ते कुणी तपासलं नाही आणि आता ती विहीर बांधून काढलेली आहे. त्यामुळे मी 'नक्की' हा शब्द वापरत नाही. त्या राखेखाली दगडाची हत्यारंही काही ठिकाणी सापडलीत म्हणे. म्हणजे इथे माणसं होती. एके दिवशी त्यांच्यावर आकाशातून पांढरं पीठ पडायला लागलं असेल. ते कशाचं आहे हे त्यांना सांगायला त्यांच्यात एखादा मास्तर असेल का, हा विचार माझ्या मनात येतो आणि त्या लोकांबद्दल वाईट वाटतं.

पण तेव्हा मला एवढं काही ठाऊक नव्हतं. मी घरी आलो. आत्या ओसरीवर गहू निवडत होती. सांगणं भाग होतं.

"आत्या, ती शेणाची राख नाही."

"त्ये मामांच्या डोळ्यांनी सांगितलं मला."

"डोंगराची आहे. कुठेतरी लांब एक डोंगर फुटला. आतलं सगळं बाहेर उडालं आणि वरचा भाग आत बसला. तुमच्या मंगळवेढ्याला पेव बसतं ना, तसा."

पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. ज्वारी काढून रिकामं झालेलं पेव कधीकधी वरच्या मातीसकट आत ढासळतं. आत्याचा गव्हातला हात थांबला. सूप तिने बाजूला ठेवलं. मी हवं होतं त्यापेक्षा नेमकं उदाहरण दिलं होतं हे मला तिचा चेहरा बघून कळलं.

"पेव बसलं की आमच्याकडं आधी एकच इचारत्यात," ती म्हणाली. "आत कोन उतरलं हुतं?"

मी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"तितं मान्सं हुती?"

"असतील. कुणास ठाऊक, आत्या."

ती पोत्यापाशी गेली. राहिलेली राख अजून अर्ध्यावर होती. तिने त्यात हात घातला नाही, नुसती बघत राहिली. मग पोत्याचं तोंड सुतळीने नीट बांधलं, कुणाचं सामान ठेवून घ्यावं तसं. "ही भांड्याला लावायची न्हाय," ती म्हणाली. "परत तितंच नेऊन ठेव. जितनं काडलीस तितं." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "आन् येताना शेन घिऊन ये. जत्रा तुज्यासाठी थांबनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत 'घरगुती कार्य' असं कारण देऊन रजा टाकली. पोतं गावी पोचवलं. विहीर आता पट्ट्याच्या बरीच खाली गेली होती, तरी भावाने शिडी धरली आणि मी मूठ-मूठ करून ती राख पट्ट्याखालच्या सांदीत भरली. भाऊ वरून म्हणाला, "ऱ्हायलेला कोळसा सापडला का, मास्तर?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिथून छावणी. टोपली घेऊन मी जनावरांच्या रांगेत शिरलो. आमची गाय लांबूनच दिसली. मला वाटलं तीही मला ओळखेल, पण तिने मान वर केली नाही. पुढ्यात उसाचं वाळकं वाढं पडलेलं, बरगड्या मोजता याव्यात अशा. मी तिच्या मागे टोपली धरून उभा राहिलो. शेण झेलायचं म्हणजे काय, हे मी लहानपणी शिकलो होतो. पण तेव्हा गाईंच्या पोटात काहीतरी असायचं. इथे मी दुपारभर उभा होतो. उपाशी जनावर किती देणार? थोडं, पातळ, आणि तेही कष्टाने. मी वर्गात दुष्काळाची नैसर्गिक आणि मानवी कारणं फळ्यावर दोन रकान्यांत लिहून द्यायचो. त्या गाईच्या मागे उभं राहून मला त्यातलं एकही आठवेना.

आणि नेमके तेव्हाच आमचे मुख्याध्यापक तिथे आले. कुठल्याशा मदत समितीबरोबर छावणी बघायला. पांढरं धोतर सावरत ते माझ्यापाशी थांबले. माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, गाईच्या मागच्या बाजूकडे पाहिलं.

"घरगुती कार्य का?"

"हो सर."

"चालू द्या," ते म्हणाले आणि समितीला घेऊन घाईने पुढे गेले.

टोपलीचा तळ जेमतेम झाकला. पण आत्याने टोपली माझ्या हातातून घेतली. तिने पातळ-पातळ गोवऱ्या थापल्या, पत्र्यावर वाळवल्या, जाळल्या. मला तिने चुलीजवळसुद्धा येऊ दिलं नाही. पाणी शेंदून उंबऱ्याशी ठेवायचं आणि मागे सरायचं, एवढंच माझं काम. दुष्काळात पाणीही असं वाटेल तसं वापरता येत नव्हतं, म्हणून राख हवी तेवढी गाळता आली नाही. शेवटी एकच लहानशी वडी झाली. रंगाने करडी. आत्याने ती उजेडात धरून बघितली, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं की आजवरची तिची सगळ्यात वाईट वडी ती हीच.

जत्रेचा पहिला दिवस उजाडला. आत्या पहाटेपासून उंबऱ्यात पाटावर बसलेली, वडी वाटीत, वाटी मांडीवर. समोर काकूंचं तबक गॅलरीत चकाकत होतं, शेजारी बाजारातल्या पांढऱ्याधोप वड्यांची रास. गल्लीच्या टोकाला मंडळी जमली. बाराबंद्या, फेटे, गलका. सगळी आमच्या घरापाशी आली आणि दोन्ही घरांच्या मधोमध थांबली. पुढे जॉबरमामा. पट्टी निघाली होती. कपाळावर जुन्या लाल रेघांच्या खपल्या अजून होत्या. ते एकदा तबकाकडे बघत होते, एकदा वाटीकडे. आत्या उठली नाही. बोलावलं नाही. वाटीवरचं फडकं तेवढं काढलं.

जॉबरमामा आमच्या पायरीशी आले. खाली वाकून त्यांनी वडी निरखली, बोटाने चोळून पाहिली, मग ते बोट हातावर घासलं. बोट मऊ फिरलं. तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या फळीमागे शक्य तितका लपून उभा होतो.

"अक्का," ते म्हणाले, "ह्येला मास्तरांचा हात लागला न्हाय न्हवं?"

"शेन तेवडं त्यानं आनलं," आत्या म्हणाली आणि पाण्यात बोटं बुडवली. "वाक. त्यातलं त्याला कळतं."